दोन घास खाऊन जा

"घे माय, पोटभर खा," असं म्हणत शाळेत रांधणाऱ्या सावित्रीबाईंनी विजयश्रीच्या ताटात भात वाढला आणि पोरीनं ताटच सोडून दिलं. ताट व्हरांड्याच्या फरशीवर गरगरत गेलं, सांबार भिंतीवर उडालं, आणि तिसरीतली विजयश्री दोन्ही कानांवर हात ठेवून वर्गात पळाली. तिच्यामागे तिच्या गल्लीतली आणखी काही लेकरं उठली. बाकीची तिथंच बसून राहिली. हसावं का पळावं हे त्यांना कळत नव्हतं.

"काय झालं गं तिला? पोळलं का?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"न्हाई आज्जी," पुढच्या रांगेतली एक पोरगी शांतपणे म्हणाली. "तुमी भूत हाव म्हून."

सावित्रीबाईंना आधी हसूच आलं. फडकं घेऊन त्यांनी फरशी पुसली, भिंत पुसली. मग वर्गाच्या दारातून डोकावल्या, तर ती पाच-सहा लेकरं बाकांवर दाटीवाटीनं बसलेली. कुणी जेवायला उठेना. तेव्हा मात्र त्यांचं हसू गेलं. आपण रांधावं आणि लेकरानं ते खाऊ नये, हे त्यांच्या चुलीच्या वाट्याला पूर्वी एकदा आलं होतं आणि ते त्या विसरल्या नव्हत्या.

सावित्रीबाई भूत कशा झाल्या ते आधी सांगायला हवं. कारण कर्नाटकातल्या या मराठी बोलणाऱ्या गावात भुताखेतांवर सगळ्यांत कमी विश्वास कुणाचा असेल तर तो त्यांचाच. बौद्धवाड्यातलं त्यांचं घर. दाराला कधी लिंबू-मिरची नाही, लेकराला ताप आला तर अंगारा नाही, सरळ भालकीचा दवाखाना. अमावास्येच्या संध्याकाळी स्मशानाच्या वाटेनं सरपण घेऊन येणारी गावात ही एकच बाई. पण नशिबाला चेष्टा करायची लहर आली की ते माणूस बरोबर निवडतं.

गेल्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या टेकडीवरच्या बंद पडलेल्या सरकारी बंगल्यात बेंगळूरूची मंडळी आली. कानडी मालिका काढायची होती, 'बेट्टद बंगले' म्हणजे टेकडीवरचा बंगला. त्यांना रांधून घालायला कुणीतरी हवं होतं. शाळेला तेव्हा सुट्टी होती, सावित्रीबाई गेल्या. एक दिवस कानाला डबे लावलेला माईकवाला त्यांच्या चुलीपाशी आला. म्हातारीच्या भुताला आवाज पाहिजे होता, आणि भूत इकडचं म्हणून भाषाही इकडचीच, मराठी.

"भय आगबेकु, अज्जी," तो म्हणाला. भीती वाटली पाहिजे, एवढं कानडी सावित्रीबाईंना चांगलं कळत होतं. त्यांनी आवाज जाड करून "तुला खाते रे" असं म्हणून पाहिलं. सगळे हसले. पुन्हा म्हटलं, पुन्हा हसले. शेवटी त्यांनी नाद सोडला आणि त्या हडकुळ्या माईकवाल्या पोराकडं नीट बघितलं. सकाळपासून त्याच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. त्या आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "कामून उपाशी फिरायलास रे? ये, बस. दोन घास खाऊन जा."

माईकवाल्यानं अंगठा वर केला. तो जेवायला हो म्हणाला असं समजून त्यांनी त्याला ताट वाढलं.

आता मालिका रोज संध्याकाळी लागत होती. तिच्यात चुलीपुढं पाठमोरी बसलेली एक म्हातारी होती, तिचं तोंड कधी दाखवत नसत. बंगल्यात कुणी आलं की ती न वळता म्हणायची, "कामून उपाशी फिरायलास रे? ये, बस. दोन घास खाऊन जा." आवाज सावित्रीबाईंचाच, फक्त विहिरीत वाकून बोलल्यासारखा घुमवलेला. आलेला माणूस मांडी घालून बसायचा, पहिला घास गिळायचा आणि पुन्हा उठायचाच नाही.

सून पंचशीला रोज फोन घेऊन सासूला लोकांचं म्हणणं वाचून दाखवायची.

"मैसूरची एक बाई लिहायलीय, हा आवाज ऐकला की अंगावर काटा येतो. आन् हा म्हणायलाय, ही भाषा न्हाईच, उलटा म्हटलेला मंत्र हाय."

"मंत्र? जेव म्हणलं की मी."

"त्याला काय कळतंय, आत्या. हे बगा, एक जण चिडलाय, कानडी मालिकेत मराठी कामून घातलं म्हून. आन् हा दुसरा मराठीवाला चिडलाय, भुतालाच मराठी कामून दिलं म्हून."

"आन् आपले लोक?"

"उदगीरच्या मावशीनं हसून हसून रडणारी तोंडं पाठवलीत. बिदरचा एक जण लिहायलाय, मला भ्या वाटंना गेलंय, मला माझ्या आजीची सय यायलीय."

सावित्रीबाई ऐकत राहायच्या. एकाच वाक्याला कुणी भीत होतं, कुणी हसत होतं, कुणी रडत होतं, कुणी भांडत होतं. नेमकं काय वाटून घ्यावं हे त्यांना ठरवता येईना. कोळारच्या कारखान्यात कामाला असलेल्या मुलानं, धम्मानंदानं, फोन करून सांगितलं की माझी माय टीव्हीत हाय म्हणून मी सगळ्यांना चहा पाजला. त्यावर मात्र त्या लाजल्या होत्या.

ताट पडलं त्या दुपारी लाजबिज सगळं उतरलं. कारण उठून गेलेली लेकरं कुठल्या गल्लीतली हे त्यांनी पाहिलं होतं. विजयश्रीच्या आजोबांची, रामकिशन अण्णांची गल्ली. सावित्रीबाई नव्यानं बिसियूटला, म्हणजे शाळेच्या दुपारच्या गरम जेवणाला, लागल्या तेव्हा याच गल्लीतली लेकरं घरून डबे आणायची. कारण कुणी बोललं नव्हतं आणि विचारायची गरजही नव्हती. मग सांबाराच्या वासानं एकेक पोरगं आपणहून रांगेत येऊन बसलं, डबे बंद झाले. आता त्या लेकरांची लेकरं शाळेत होती.

दुसऱ्या दिवशी तेच डबे पुन्हा आले. विजयश्रीच्या हातात निळ्या झाकणाचा होता.

आता हे भुतामुळं का त्या जुन्या गोष्टीमुळं? भुतामुळं असेल तर मालिका संपली की भूत जाईल. त्या जुन्या गोष्टीमुळं असेल तर ती कुठल्या मालिकेत संपते? सावित्रीबाईंनी डाळ घोटता घोटता खूप विचार केला आणि काहीच कळलं नाही.

मुख्याध्यापक नागेश सर भला माणूस, पण वाद दिसला की चष्मा पुसत बसणारा. ते म्हणाले, "लेकरं आवाजाला भ्यायलीत, सावित्रीबाई. थोडे दिवस वाढताना बोलू नका."

"जेवा बी म्हणू नको?"

"नुसतं वाढा. बोलू नका."

म्हणून सावित्रीबाई गप्प वाढू लागल्या. कोण पातळ सांबार घेतं, कुणाला पातेल्याच्या कडेची खरपूड लागते, हे सगळं बोलत बोलत वाढायची त्यांची रीत. आता डाव ताटाला लागल्याचा तेवढा आवाज. वाईट याचं वाटत होतं की गप्प झाल्यावर दोन-तीन लेकरं खरंच रांगेत परत आली. म्हणजे ती भुतालाच भ्यायली होती. त्याचा आनंद झाला आणि तो आनंद गप्प बसून करावा लागला. विजयश्री आणि आणखी काही जणांचे डबे मात्र तसेच राहिले.

शेवटी त्यांना राहवेना. एका दुपारी काम आटोपल्यावर त्यांनी लहान डब्यात सांबार-भात भरला आणि थेट रामकिशन अण्णांच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. अण्णा बाजेवर बसून भाजलेल्या शेंगा फोडत होते.

"ये सावित्रा. बस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तू तर लई मोठी झालीस. आमी सगळे बगतो की तुला टीव्हीत."

"अण्णा, पोरगी जेवंना गेलीय शाळेत."

"भ्यालीय गं. लेकराची जात. त्या बंगल्यातल्या म्हातारीचं खाल्लं की माणूस मरतंय, मग तिला वाटायलंय तुझं खाल्लं की आपुन बी मरताव. दुसरं काय न्हाई."

"दुसरं काय न्हाई ना?"

"दुसरं काय असतंय?"

सावित्रीबाईंनी डबा बाजेच्या कडेला ठेवला, झाकण काढलं. "मग तुमी तिच्यासमोर दोन घास खावा. आज्यानं खाल्लेलं बघितलं की तिची भीती जाईल."

अण्णांनी डब्याकडं पाहिलं. शेंग फोडली, दाणे तळहातावर चोळले, फोलपटं फुंकली.

"खाल्ले असते गं," ते म्हणाले. "पर आज एकादस हाय."

सावित्रीबाईंनी झाकण लावलं आणि घरी आल्या. सगळ्या वाटेनं त्यांच्या डोक्यात एकच, उपास खरा का सबब. एकादशी त्यांच्या घरी कधी नसायची, त्यामुळं आज आहे का नाही हेही ठाऊक नाही. अण्णा शेंगा खात होते, पण शेंगा उपासाला चालतात. घरातून कांद्याच्या फोडणीचा वास आला होता, पण घरात बाकीची माणसं असतात.

"पंचशीला, कॅलेंडर बग गं. आज एकादस हाय का?"

पंचशीलानं शेजारच्या घरात जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि गोंधळलेलं तोंड घेऊन परत आली. "आत्या, कालच्या चौकटीत बी एकादशी लिव्हलीय आन् आजच्या बी. काल स्मार्त, आज भागवत."

"म्हंजे? नेमकी कवा?"

"काही लोक काल धरत्यात, काही आज. कधीकधी दोन येत्यात म्हणं."

सावित्रीबाई खाली बसल्या. मग दोघी सासू-सुना एकमेकींकडं बघून हसायला लागल्या. दुसरं करणार काय? अण्णा स्मार्त धरतात का भागवत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायला जायची हिंमत आता उरली नव्हती. हसता हसता सावित्रीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पंचशीलानं ते पाहिलं आणि डब्यातला भात दोघींच्या ताटात वाढला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मैदानावर भुताचा खेळ चालला होता. मालिका लागल्यापासून लेकरांना दुसरा खेळच नव्हता. एक जण पाठमोरं बसायचं, सावित्रीबाईंचं वाक्य म्हणायचं आणि बाकीचे किंचाळत पळायचे. सावित्रीबाई स्वयंपाकखोलीच्या दारात पालथ्या पातेल्यावर बसून बघत होत्या. ही आपली चेष्टा आहे का आपलं कौतुक, हे त्यांना अजून कळलं नव्हतं. सगळ्यांचं वाढून झालं होतं. लेकरं वर्गात गेली की मग एकटीनं आत बसून जेवायचं, हा त्यांचा नेम. त्या दिवशी भूकच नव्हती.

विजयश्री खेळातून बाहेर पडली आणि निळ्या झाकणाचा डबा पोटाशी धरून त्यांच्यापासून जरा लांब येऊन उभी राहिली. मग तिनं आवाज जाड केला.

"कामून उपाशी फिरायलीस गं? ये, बस. दोन घास खाऊन जा."

सावित्रीबाई चमकल्या. हे वाक्य त्यांनी किती लेकरांना म्हटलं असेल त्याची गणती नव्हती, पण त्यांना ते आजवर कुणी म्हटलं नव्हतं. पोरगी खेळतेय, चिडवतेय का खरंच बोलावतेय? विचारावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि सरांचं सांगणं आठवून मिटलं.

पोरगी एक पाऊल पुढं आली आणि आपल्या नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाली, "तुमी आमच्यासंगं कवाच जेवत न्हाईत. ती बंगल्यातली बी जेवत न्हाई. नुसती वाढती."

मग सावित्रीबाईंना कळलं. त्या उठल्या, आतून आपलं ताट आणलं, भात घेतला, वर सांबार ओतलं आणि दारातच सगळ्या मैदानाच्या देखत मांडी घालून बसल्या. पहिला घास खाल्ला. विजयश्री डोळे न मिटता बघत होती. दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. पोरगी हळूच खाली बसली, डबा उघडला. आत ज्वारीची भाकरी होती आणि कोपऱ्यात शेंगांची चटणी.

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. एकदा फाटकाकडं पाहिलं, तिथं घरचं कुणी नव्हतं. तिनं तो तुकडा सावित्रीबाईंच्या ताटातल्या सांबारात बुडवला आणि तोंडात घातला.

घास गिळून ती जरा थांबली. आपल्याला काही होतंय का ते तिनं पाहिलं. मग तिनं दुसरा तुकडा मोडला आणि बुडवला. सावित्रीबाईंनी ताट थोडं तिच्याकडं सरकवलं.