फळ्यावर एकटीचंच अक्षर

आमच्या हिंगोलीच्या ऑफिसात खुर्च्या हायेत, पण सकाळची मीटिंग उभ्यानंच होते. सोमेश्वर सर पुण्याहून हे शिकून आले. सगळं काम एकदम करायचं न्हाई म्हणे. पंधरा दिवसाला थोडं थोडं करायचं, शेतकऱ्यांना दाखवायचं, चुकलं की तिथंच सुधारायचं. भिंतीला एक फळा. ज्याला जो धोका दिसंल त्यानं चिठ्ठी लिहून त्यावर चिकटवायची. मला हे लई आवडलं होतं, खोटं काहून बोलू?

आमचं ॲप हळद शिजवायच्या, ट्रॅक्टरनं ओढत न्यायच्या मोठ्या कुकरचं. शेतकऱ्यानं मोबाईलवर नंबर लावायचा, ठरल्या टायमाला कुकर त्याच्या शेतात हजर. माझं काम ॲप तपासायचं, चुका काढायच्या. या महिन्यात सर मला नोकरीत पक्कं करणार होते.

पण फळ्यावर चिठ्ठ्या कुणाच्या? सगळ्या माझ्याच! ॲप लिहिणारा प्रेमानंद अन् शेतकऱ्यांचे फोन घेणारी साधना, दोघं रोज म्हणायचे, "काईच अडचण न्हाई सर." मी लिहिलं, "नेट नसलं तर एकाच टायमाला दोघांचा नंबर लागतो." साधना कानाशी आली, "अगं बाई, चांगल्या कामात काहून असं अभद्र लिहून राहिली?" म्हणलं, फळा त्याच्यासाठीच हाय ना! सरांनी चिठ्ठी वाचली, "पुढच्या खेपेला बघू" म्हणले, अन् ॲप हट्टा गावात चालू करून टाकलं.

व्हायचं तेच झालं. हट्ट्याच्या दगडोबांचा अन् त्यांच्या शेजाऱ्याचा एकाच सकाळी नंबर लागला. कुकर बांधावर अडकला, दोघं एकमेकांच्या अंगावर धावले. दगडोबांनी सरांना फोनवर असं झापलं, की आवाज आमाला बाहेर ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी मी आत पाऊल टाकलं तर तिघं बोलता बोलता गप. कॉम्प्युटर उघडला तर माझा पासवर्ड चालेना. "सरांनी बदलायला लावला," प्रेमानंद माझ्याकडं न बघताच म्हणला. मला काईच कळेना. डबा खायला कुणी जवळ बसलं न्हाई.

मग सर केबिनातून बाहेर आले. हातात माझी चिठ्ठी.

"करुणा, जे झालं ते तू आधीच लिहिलं होतं. बराबर तसंच. तुला कसं कळलं?"

"तपासलं म्हणून कळलं सर. तेच तर माझं काम हाय."

"प्रेमानंदला दिसलं नाही, साधनाला दिसलं नाही. तुलाच दिसलं. याचा छडा लागेपर्यंत तुझं पक्कं करायचं मी थांबवलंय."

"जीभच काळी," साधना मागून पुटपुटली.

अंगाची नुसती लाही लाही झाली माझ्या! म्हणलं, थांबा, आत्ता दाखवते. माझा फोन घेतला, ऑफिसचा घेतला. दोन्हीचं नेट बंद केलं. दोन्हीवर तोच कुकर, तीच तारीख, तोच टाईम टाकला. नेट चालू केलं. दोन्ही फोनवर आलं, "तुमचा नंबर लागला."

"बघा! कुणाला मुद्दाम काई करावं लागत न्हाई. आपोआप होतं."

वाटलं, आता तरी सर 'माझं चुकलं' म्हणतील. पण ते फोनकडं न्हाई, माझ्या बोटांकडं बघून राहिले होते.

"हात फार सराईत आहे तुझा," ते हळूच म्हणले.

"मिनिटभरबी लागलं न्हाई सर तिला," प्रेमानंद म्हणला.

मला रडू न्हाई आलं, संताप आला. दोन्ही फोन पुढं केले. "धरा. तुमीच करा. तुमच्या हातूनबी असंच होईल."

सरांनी दोन्ही हात खिशात घातले. प्रेमानंद एक पाऊल मागं सरला. साधना म्हणली, "माझे हात ओले हायेत."

तिघांनाबी ठाऊक होतं, तसंच होणार. अन् ज्याच्या हातून होईल, त्याच्यावरच आळ येणार.

"अरे, कुणीतरी धरा की!" मी ओरडले.

कुणीच फोन धरला न्हाई.