परलोकातला उजवा खिसा

मुलुंड पूर्वेला, एका जुन्या शॉपिंग सेंटरच्या दुसऱ्या मजल्यावर, दर शनिवारी संध्याकाळी परलोक उघडायचा. तळमजल्यावर झेरॉक्सचं दुकान, त्यावर दातांचा दवाखाना आणि त्यावर थेट स्वर्ग. त्या हॉलमध्ये पूर्वी कोचिंग क्लास होता. तेव्हा तिथे इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची हमी मिळायची, आता मेलेल्या नातेवाइकांच्या भेटीची मिळत होती. ‘जागा मर्यादित’ ही जुनी पाटी मात्र नव्या मालकांनी काढली नव्हती. दोन्ही धंद्यांना ती चालत होती.

जिन्यात रांग लागायची. रांगेत निवृत्त बँक मॅनेजर होते, गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र काढायला विसरलेले इंजिनिअर होते, एक वकीलही होते. चपला बाहेर, मोबाईल पिशवीत आणि शंका घरी ठेवून सगळे आत शिरत.

आत मिट्ट काळोख, धुपाचा धूर आणि खुर्च्यांच्या पुढे बांधलेली जाडजूड दोरी. दोरीच्या अलीकडे एका चौरंगावर तेजोनाथ महाराज.

“हा पडदा नाही, हा टीव्ही नाही,” महाराज घोगऱ्या आवाजात सांगत. “ही क्वांटम ऊर्जा आहे. परदेशातले शास्त्रज्ञ अजून शोधतायत. आपल्याकडे दर शनिवारी होतं. फक्त दोरी ओलांडू नका. आत्म्याचं तेज सोसणार नाही, भस्म व्हाल!”

पद्मजाताई पहिल्यांदा तिथे गेल्या त्या शेजारच्या सुगंधाबरोबर. पद्मजाताईंचे पती जाऊन वर्ष होत आलं होतं. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णा गेल्यावर पद्मजाताई मुलीकडे राहायला आल्या. तिथे कशाची कमी नव्हती. फक्त सकाळी चहा करताना हात दोन कपांकडे जायचा आणि मग एक कप परत ठेवावा लागायचा.

“अगो, माज्या घोवान माका हाक मारल्यान,” नवरा गमावलेल्या सुगंधाने डोळे पुसत सांगितलं होतं. “खरां सांगतंय. तू येच.”

केंद्राने नाव नोंदवताना अण्णांचा फोटो, लग्नसमारंभातला एखादा व्हिडिओ आणि आवाजाचे व्हॉट्सॲप मेसेज मागितले, शिवाय पद्मजाताईंच्या चालू औषधांची नावं विचारली. संकल्पासाठी. परलोकात एवढी गर्दी, नुसत्या नावावर माणूस सापडणार कसा?

आणि दुसऱ्या शनिवारी अण्णा आले. धुरातून, हवेत तरंगत, पांढरा सदरा घातलेले. ओठ हलले. “पद्मजा, मी सुखात आहे. तू सुया टोचून घेऊ नकोस. महाराज सांगतील तसं कर.” त्याच क्षणी पद्मजाताईंची खुर्ची बुडापासून थरथरली. त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला.

“शक्तिपात!” महाराज ओरडले. “माई, तुमचं काम झालं!”

काम झालंच होतं. त्या शनिवारपासून पद्मजाताईंनी इन्सुलिन बंद केलं आणि ‘तेजोरस’ नावाचा हिरवट काढा सुरू केला. तो केंद्राच्या दारातच विकायला असे. बहुतेक सगळ्या आत्म्यांना, योगायोगाने, तोच काढा पसंत होता.

ही गोष्ट त्यांच्या मुलीला कळली ती एका शनिवारी सकाळी. गंधाली कॉलेजात फिजिक्स शिकवायची. दूध काढायला फ्रिज उघडला तर दाराच्या कप्प्यात इन्सुलिनची पेनं जशीच्या तशी.

“आई, तू इंजेक्शन घेत नाहीयेस?”

“नाही.”

“कोणी सांगितलं?”

“तुझ्या अण्णांनी.”

गंधालीने दूध तसंच फ्रिजमध्ये सोडलं. मग तिने आईकडे नीट पाहिलं. तोंड सुकलेलं, डोळे खोल गेलेले, हातात सतत पाण्याची बाटली. तिने बोट टोचून साखर तपासली. यंत्रावरचा आकडा बघून तिने पर्स उचलली.

“आई, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे चल.”

“आज संध्याकाळी दर्शन आहे. यांना विचारते. हो म्हणाले तर येते.”

गंधाली रागावली, रडली, हात जोडले. पद्मजाताई हलेनात. जिवंत मुलीचं ऐकायचं की मेलेल्या नवऱ्याचं, असा प्रश्न होता आणि मेलेला नवरा उलट बोलत नव्हता. शेवटी गंधालीने फोनवरून डॉक्टरांना सगळं सांगितलं. “एवढ्या साखरेवर थांबणं धोक्याचं आहे,” ते म्हणाले. “समजूत घाला आणि आजच आणा. उलटी, धाप, काहीही दिसलं तर विचारत बसू नका, उचलून आणा.”

या सगळ्यात गंधालीचा नवरा हर्षद हॉलमध्ये स्टुलावर चढून होम थिएटर बसवत होता. दोन महिने त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. छताला प्रोजेक्टर, चार कोपऱ्यांत स्पीकर, खिडक्यांना काळे पडदे.

“आई, तुम्ही जरा सोफ्यावर टेका,” तो म्हणाला. “पाच मिनिटं टेस्टिंग बघा. डोकं शांत होईल दोघींचं.”

हर्षदची होम थिएटरवर फार श्रद्धा होती. गंधालीने त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कोणी असता तर स्टुलावरून पडला असता. पण आई सोफ्यावर बसली, तेवढाच तिला आराम.

हर्षदने बटण दाबलं. भिंतीवरच्या पडद्यावर ढग गडगडले आणि पद्मजाताईंच्या खालचा सोफा बुडापासून थरथरला.

त्या ताडकन उठल्या. चेहरा पांढराफटक. “शक्तिपात!”

“काय?” हर्षद म्हणाला. “नाही हो आई, शेकर आहे तो. सोफ्याच्या खाली स्क्रूने बसवलाय. बॉम्ब फुटला की सोफा हलतो. झकास ना?”

गंधाली सोफ्याजवळ आली. मग हळू आवाजात म्हणाली, “आई, तुझ्या खुर्चीचं तिथे काय होतं, मला सांग.”

पद्मजाताई जमिनीवर टेकल्या. त्या सोफ्याखाली वाकून बघत राहिल्या. काळ्या डबीसारखी वस्तू आणि एक वायर.

हर्षद उत्साहाने पुढच्या टेस्टिंगला लागला होता. त्याने बातम्यांचं चॅनेल लावलं. पण रिमोटवर काहीतरी चुकलं आणि चित्र उलटं झालं. खालची अक्षरं आरशातल्यासारखी, आणि निवेदिकेच्या साडीचा पदर उजव्या खांद्यावर.

“वाट लागली. रिअर मोडवर गेलं,” तो पुटपुटला. “पडद्याच्या मागून प्रोजेक्टर लावला तर चित्र समोरच्याला उलटं दिसतं ना, ते सरळ करायची ही सेटिंग. आपला प्रोजेक्टर पुढून आहे, म्हणून आपल्याकडे ती उलटं करतेय.”

“आणि मागून लावून ही सेटिंग विसरलं तर?” गंधालीने विचारलं.

“तर डाव्याचं उजवं.”

पद्मजाताई त्या उजव्या पदराकडे बघत राहिल्या. मग त्या बोलल्या, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल. “यांच्या सदऱ्याचा खिसा तिथे उजवीकडे असतो. मी महाराजांना विचारलंही होतं. ते म्हणाले, परलोक हा या लोकाचा आरसा आहे, तिथे सगळं उलट असतं. एकाच्या आजोबांचा गालावरचा व्रणसुद्धा बाजू बदलून आला होता.”

हर्षदने रिमोट खाली ठेवला. ऑपरेटर एक बटण दाबायला विसरला आणि महाराजांनी त्याचं तत्त्वज्ञान केलं! मग बटण दुरुस्त करायची सोयच उरली नव्हती. केलं असतं तर परलोक खोटा पडला असता.

“मी येते संध्याकाळी तुझ्याबरोबर,” गंधाली म्हणाली. “तू विचार त्यांना. पण तिथून थेट डॉक्टर.”

संध्याकाळी दोघी पहिल्या रांगेत बसल्या. शेजारी सुगंधा. तिनेही रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या होत्या. धूर झाला, घंटा वाजली, अण्णा तरंगत आले. सदऱ्याचा खिसा उजवीकडे. गंधाली खुर्चीत पुढे सरकली. सगळं माहीत असूनसुद्धा बापाचा चेहरा तो बापाचाच चेहरा होता.

“पद्मजा, मी सुखात आहे.”

पद्मजाताई उभ्या राहिल्या. “अहो, मला फार थकवा आलाय. इंजेक्शन घेऊ का?”

“तू सुया टोचून घेऊ नकोस.”

“बरं. मी आत्ता कोणत्या रंगाची साडी नेसलेय?”

“महाराज सांगतील तसं कर,” अण्णा प्रेमाने म्हणाले.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. पद्मजाताई हसल्या नाहीत. त्यांनी दोरी उचलली आणि वाकून पलीकडे गेल्या.

“माई! थांबा! भस्म व्हाल!” महाराज चौरंगावरून उठले. वाचवायला मात्र दोरीपलीकडे पाऊल टाकलं नाही.

पद्मजाताई चालत राहिल्या आणि अण्णांसमोर उभ्या राहून त्यांनी हात पुढे केला. बोटांना जाळी लागली. मच्छरदाणीपेक्षा बारीक, काळी. अण्णांचा चेहरा पाण्यावरच्या सावलीसारखा डुचमळला. जाळीतून आरपार आलेला प्रकाश त्यांच्या साडीवर पडला होता. नवऱ्याचे डोळे पदरावर, ओठ मनगटावर, आणि ते ओठ अजून हलत होते, “मी सुखात आहे.”

सगळा हॉल ते बघत होता. त्या भस्म झाल्या नव्हत्या.

“गंधाली,” त्या जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, “दिवा लाव गं.”

गंधालीने पिशवीतला मोबाईल काढून टॉर्च लावला, भिंतीवरची बटणं शोधली आणि खटाखट सगळी दाबली. ट्यूबलाइटच्या उजेडात परलोक फारच साधा निघाला. छतापासून जमिनीपर्यंत काळी जाळी, मागे लोखंडी स्टँडवर प्रोजेक्टर, कोपऱ्यात लग्नात वापरतात तसं धुराचं यंत्र. आणि लॅपटॉपसमोर टी-शर्टातला एक माणूस, हातात अर्धा वडापाव.

“हे अण्णा फोटोवरून बनवलेत,” गंधाली मोठ्याने म्हणाली. वर्गात शिकवायची सवय कामी आली. “आवाज तुम्हीच दिलेल्या मेसेजवरून. असे चेहरे बोलते करणारी ॲप आज कोणाच्याही फोनवर मिळतात. प्रोजेक्टर मागे उंचावर आहे. जाळीला अडतो तो प्रकाश तुम्हाला दिसतो, आरपार जातो तो दोरीपलीकडच्या काळ्या गालिच्यावर पडतो. म्हणून दोरी. आपल्या उजेडात जाळी दिसेल, म्हणून मोबाईल बंद. आणि खुर्चीखाली हात घाला, शक्तिपात सापडेल.”

वकीलसाहेब आधी वाकले. त्यांच्या हाताला डबी लागली.

“हे तर फक्त साधन आहे!” महाराज म्हणाले. “आत्म्यांनाही माध्यम लागतं—”

“माध्यम लागतं आणि प्लगही लागतो का?” पद्मजाताईंनी विचारलं.

मग गलका झाला. कोणी महाराजांच्या अंगावर धावून गेलं, तर कोणी गंधालीच्याच. “तुम्हाला काय मिळालं आमचं समाधान मोडून?” बँक मॅनेजर तिच्यावर ओरडले आणि तसेच रडू लागले. वकिलांनी पोलिसांना फोन लावला. जादूटोणाविरोधी कायदा त्यांना तोंडपाठ होता. इतके शनिवार तो आठवला नव्हता एवढंच. पोलीस आले तेव्हा महाराज सांगत होते की हा निव्वळ सांस्कृतिक कार्यक्रम होता.

जिन्यात सुगंधा पायरीवरच बसली होती. “म्हणजे माजो घोव इलोच नाय?” ती म्हणाली. “माका कित्याक दाखवलंस गो? मी सुखी होतंय.”

पद्मजाताई तिच्या शेजारी टेकल्या. दम लागला होता.

“मलाही हवे होते गं ते,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर मी फसले. मूर्ख होते म्हणून नाही. तुझा नवरा तुझ्याशी जे बोलला ते जिवंतपणी बोलला, ते तुझंच आहे. पण ज्या तोंडाला आपण प्रश्न विचारला तर उत्तर येत नाही, नुसता हुकूम येतो, ते आपल्या माणसाचं तोंड नव्हे. पुढे कोणीही काहीही दाखवू दे, आधी दिवा लावायला सांगायचं. जो दिवा लावू देत नाही त्याच्याकडून औषध घ्यायचं नाही आणि त्याच्या सांगण्यावरून सोडायचंही नाही. चल, ऊठ. तुझ्या गोळ्यांचं डॉक्टरांनाच विचारू.”

सुगंधाने पदर खोचला. मग तिने पद्मजाताईंचा हात धरला आणि दोघी, एकमेकींना सावरत, जिना उतरू लागल्या. खाली हर्षद रिक्षा थांबवून उभा होता.