कोऱ्या पट्ट्यातली माणसे

मित्रांनो, मला पाहिलेत तर तुम्हाला मी चहाचे डाग पडलेला एक मोठा कागद वाटेन. किनारा कार्यालयाच्या अडगळीच्या खोलीत मला टेबलावर अंथरले आहे आणि लोक माझ्यावर खुशाल कप ठेवतात. पण मी या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांचा नकाशा आहे. एके काळी माझा थाट बघण्यासारखा होता.

मला घडवले ते कार्यालयातल्या नकाशेवाल्या ताईने. मोठ्या जहाजांवर एक यंत्र असते. ते सतत आपले नाव आणि ठिकाण कळवत राहते. वर्षभराचे संदेश गोळा करून ताईने प्रत्येक जहाजाची वाट बारीक तांबड्या रेघेने माझ्यावर काढली. जिथे गर्दी, तिथे मी लालभडक झालो. किनाऱ्याजवळचा एक पट्टा मात्र कोरा राहिला.

तो कोरा पट्टा ताईला बघवेना. तिचा मामा रोज तिथेच जाळी टाकायचा. त्याच्यासारख्या कितीतरी होड्या तिथे असत, पण एवढ्याशा होडीवर कसले आले यंत्र! म्हणून दोन रविवार ताई मामाबरोबर धक्क्यावर बसली. एकेका मासेमाराला विचारून तिने त्या पट्ट्यात पेन्सिलीने एकशे बारा फुल्या मारल्या. मामाने आपली फुली स्वतःच मारली, जरा जास्तच दाबून. मला त्या फुल्या आवडल्या होत्या.

मोठ्या साहेबांच्या मात्र कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय आहे?"

"होड्या आहेत, सर. यंत्र नसलं तरी माणसं आहेत तिथे."

"यंत्राची नोंद नाही, ते नकाशावर नाही. उद्या बैठक आहे. खोडून टाका."

ताईने खोडरबर हातात घेतला. मामाची फुली काही केल्या जाईना, तेव्हा ती तिने ब्लेडने खरवडली. तिच्यावर माझा राग नाही असे म्हटले, तर ते खोटे होईल.

बैठकीत माझे तोंड भरून कौतुक झाले. एवढा स्वच्छ नकाशा कुणी पाहिला नव्हता म्हणे! साहेबांनी कोऱ्या पट्ट्यावर पट्टी ठेवली आणि मालवाहू जहाजांसाठी नवी, जवळची वाट आखली. जागा रिकामीच आहे, यावर सगळ्यांचे एकमत झाले. मला वाचा नव्हती. ताईला होती, पण ती बोलली नाही.

घरी जाऊन मात्र तिने मामाला विनवले, "मामा, आता तिकडे जाऊ नकोस."

मामा हसला. "अगं, मासे काय तुझ्या साहेबांना विचारून जागा बदलणार आहेत?"

तीन महिन्यांनी, धुक्याच्या एका सकाळी, एक मालवाहू जहाज मामाच्या होडीवरून गेले. जहाजावर कुणाला साधा हादराही जाणवला नाही. मामा सापडला नाही.

चौकशीत साक्षीला मलाच उभे केले. "नकाशा बघा, तिथे कुणीच नव्हतं," म्हणून साहेबांनी हात झटकले. मग मामी उठली आणि माझ्याजवळ आली.

"यात तुझा मामा कुठे आहे गं?" तिने ताईला विचारले.

मामीचे बोट माझ्यावरून फिरत फिरत त्या खरवडलेल्या जागेवरून पुढे गेले. मित्रांनो, त्या क्षणी मला स्वतःची शिसारी आली.

पुढच्या वर्षी नवा नकाशा आला आणि मी अडगळीत पडलो. त्याच्यावरही तो पट्टा कोराच आहे. फक्त एक खूण वाढली आहे: 'पाण्याखाली बुडालेली होडी, जहाजांनी सांभाळून जावे.' जहाजाच्या तळाला ओरखडा पडू नये, म्हणून ही काळजी. मामाची होडी तरंगत होती तोवर तिला नकाशात जागा नव्हती.

तुमच्यापैकी कुणी मोठेपणी नकाशे काढाल. कोऱ्या जागेला रिकामी म्हणण्याआधी तिथे जाऊन विचारा. आणि तिथल्या माणसांनी उत्तर दिले, तर कुणी कितीही मोठ्या खुर्चीतून सांगो, ते खोडू नका.