संपावर गेलेली बँक

मी एक जुनी गेमची कॅसेट बोलतेय. बातमी आली त्या सकाळी मी थोरल्याच्या दुकानात टेबलावर उघडी पडले होते. प्लॅस्टिकचं कवच बाजूला, आतली हिरवी पट्टी दिव्याखाली. थोरला लोकांचे टीव्ही, मिक्सर दुरुस्त करायचा. त्या दिवशी मात्र पहिला हात त्याने मला लावला. संध्याकाळी धाकटा भाऊ ट्रकची फेरी संपवून यायचा होता.

माझं दुखणं सांगते. माझ्या पोटात खेळाचे आठ भाग आहेत. त्यांना बँका म्हणतात. पण ज्या यंत्रात मला खोचतात, त्याची नजर एका वेळी दोनच भागांवर पुरते. एक भाग कायम समोर. उडी कशी मारायची, गुण कसे मोजायचे, ही रोजची कामं त्यात. दुसरी जागा फिरती. खेळातला बाहुला नव्या मुलखात शिरला की यंत्र मला आकडा कळवतं, आणि माझ्यातली एक छोटी चिप जुना भाग मागे सारून हवा तो पुढे करते. खेळणाऱ्याला वाटतं, केवढं मोठं हे जग! खरं तर सगळी ये-जा त्या एका खिडकीतून.

त्या चिपचा एक पाय सुटला होता. किल्ल्याचं दार उघडलं की यंत्र शेवटचा भाग मागायचं आणि मी भलताच पुढे करायचे. पडद्यावर चित्रांचा नुसता चुरा.

"दादा, तुझी बँक पुन्हा संपावर!" धाकटा ओरडायचा.

"मी काय मॅनेजर आहे तिचा?"

"अरे, सोल्डरचा एक डाग दे ना त्या पायाला."

"देतो रे. आधी लोकांची कामं."

वहिनी आतून म्हणायची, "दोघांची वयं मिळून शंभरी गाठली, आणि भांडण कशावरून, तर बाहुला पडला!"

बाहुला पडायचा तो थोरल्याचाच. दाराआधी एक दरी होती आणि ती उडी फक्त धाकट्याला साधायची.

त्या सकाळी अखेर पायाला डाग बसला, धूर विरला, आणि फोन वाजला. "हो. मी मोठा भाऊ," एवढंच थोरला बोलला. ट्रक उलटला होता. धाकटा जागीच गेला. तापलेली सोल्डरिंग गन शेवटी वहिनीनेच बंद केली.

बरेच दिवस मला कुणी हात लावला नाही. मग एका दुपारी थोरल्याने मला यंत्रात खोचलं. पाय आता घट्ट होता. मागितला असता तर शेवटचा भाग मी बिनचूक पुढे केला असता. पण तो मागायला बाहुला दारापर्यंत पोचायला हवा. थोरल्याने उडी मारली, बाहुला दरीत गेला. पुन्हा मारली, पुन्हा गेला.

"अहो, खेळता येणाऱ्या कुणाला तरी बोलवा की," वहिनी हळूच म्हणाली. "दार तरी उघडून देईल."

"नको. ती उडी त्याची होती."

अजूनही अधूनमधून तो बसतो, पडतो, यंत्र बंद करतो. शेवटचा भाग माझ्यात जसाच्या तसा आहे. तो अजून कुणी पाहिलेला नाही.