न हलण्याचा प्रयोग

शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर उभं राहून तिने तुळईवर हातोडीने दोनदा ठोकलं, कान लावला आणि खाली बघून सांगितलं, "ही धरेल. ती मधली नको. पोकळ वाजतेय."

खाली सर हातातल्या घड्याळाकडे बघत होते.

"मधलीला लावलं असतं तर मुलं समोर बसली असती. आता कडेला दाटीवाटीनं बसतील."

"सर, मधोमध पडण्यापेक्षा कडेला लटकलेलं बरं."

तुळया, दोर आणि हूक या विषयांवर सर तिच्याशी वाद घालत नसत. लिफ्ट दुरुस्त करणं हे तिचं पोटापाण्याचं काम होतं. आठवड्याचे सहा दिवस ती अनोळखी माणसांना सांगायची, दोर मजबूत आहे, घाबरू नका. मध्येच अडकलेल्या लिफ्टच्या दाराला तोंड लावून तिने एका आजोबांशी तासभर गप्पा मारल्या होत्या, आणि बाहेर आल्यावर आजोबा म्हणाले होते, इतक्या लवकर काढलंत? सातव्या दिवशी ती सरांच्या विज्ञान मंडळाबरोबर शाळाशाळांतून फिरायची. मंडळ म्हणजे तीन माणसं आणि एक शिडी. सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, दुसरा औषधाच्या दुकानात काम करणारा केमिस्ट आणि तिसरी ही. मुलं तिला लिफ्टताई म्हणायची.

तिने हुकातून दोर ओवला आणि खाली उतरून त्याच्या टोकाला गोळा अडकवला. गोळाफेकीतला सव्वासात किलोचा लोखंडी गोळा, त्याला तिनेच वेल्डिंग करून कडी बसवली होती. प्रयोग अगदी सोपा. भिंतीपासून जरा पुढे उभं राहायचं, दोर ताणून गोळा हनुवटीला टेकवायचा आणि न ढकलता नुसता सोडून द्यायचा. गोळा लांब जाणार, परत येणार आणि हनुवटीच्या बोटभर अलीकडे थांबून पुन्हा मागे फिरणार. सोडला त्याहून वर तो चढूच शकत नाही, कारण त्यासाठी लागणारी ऊर्जा त्याला कोण देणार? माणसाने एकच करायचं. हलायचं नाही.

लिफ्टताई हलायची.

आतापर्यंत पाच शाळा झाल्या होत्या आणि ती पाचही वेळा हलली होती. सरांच्या वहीत तारखेसकट नोंदी होत्या. 'अर्धं पाऊल.' 'एक पाऊल.' 'एक पाऊल व किंकाळी.' चौथ्या तारखेपुढे नुसतं 'दार' असं लिहिलेलं होतं, कारण त्या दिवशी ती दारापर्यंत गेली होती. पाचव्या वेळी पुन्हा अर्धं पाऊल होतं, आणि तिला त्यात प्रगती दिसली होती. सरांना दिसली नव्हती.

"आज हललीस तर पुढच्या रविवारपासून गोळा केमिस्टकडे," सर आवाज न चढवता म्हणाले. "तू नोंदणीच्या टेबलावर बस. मुलांना आपण सांगतो, विज्ञानावर विश्वास ठेवा. आणि आपलाच माणूस पळतो. बरं दिसत नाही ते."

"मला नको हो गोळा," केमिस्ट बाटल्या मांडता मांडता म्हणाला. "पुढचे दोन दात आत्ताच नवीन बसवलेत."

"गोळा दाताला लागत नाही."

"हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. दातांना कोण सांगणार?"

लिफ्टताई हसली नाही. नोंदणीच्या टेबलावर ती एकदा बसली होती. तिथे दिवसभरात तिला एकच प्रश्न विचारला गेला: पेन आहे का? गोळ्यापाशी मात्र मुलं विचारायची, दोर लांब केला तर काय होईल, चंद्रावर केलं तर, गोळ्याऐवजी हत्ती लावला तर? बारावीनंतर तिचं शिकायचं राहून गेलं होतं. त्यानंतर कुणी आपल्याला असं काही विचारेल ही आशाच तिने सोडून दिली होती. हत्तीवाल्या प्रश्नाचं उत्तर तिने घरी येऊन दोन पानं गणित करून काढलं होतं आणि ती पानं अजून जपून ठेवली होती.

या खेपेला तिने आठवडाभर सराव केला होता. दाराच्या चौकटीला पाण्याचा पाच लिटरचा कॅन टांगला होता आणि आई मागे उभी राहून तिचे दोन्ही दंड घट्ट धरायची.

"हलली नाहीस! जमलं की गं!"

"आई, तू धरलं होतंस."

"मग मला घेऊन जा. मला काय, रविवारी मोकळीच असते."

नेलं नव्हतं. आता वाटत होतं, न्यायला हवं होतं.

दहा वाजता मुलं आली. रविवार असूनही एक्केचाळीस आली होती, आणि त्यातली निम्मी तरी घरच्यांनी ढकललेली असावीत. मुख्याध्यापिका बाई फळ्याशेजारी खुर्ची घेऊन बसल्या. त्यांच्या शाळेचा एक नियम होता. कोणताही प्रयोग झाला की प्रत्येक मुलाने चिठ्ठीवर एक-दोन ओळी लिहायच्या. जे दिसलं तेवढंच, मनातलं काही नाही. आणि सगळ्या चिठ्ठ्या तिथल्या तिथे वाचून दाखवायच्या. सरांना हा नियम फारसा आवडला नव्हता. प्रयोग बघायचा असतो, त्याच्यावर चिठ्ठ्या कसल्या लिहायच्या, असं ते केमिस्टच्या कानात म्हणाले होते. पण शाळा बाईंची होती.

केमिस्टने निळं पाणी गुलाबी केलं, गुलाबीचं पुन्हा निळं केलं आणि टाळ्या घेऊन बाजूला झाला. लिफ्टताई जागेवर येऊन उभी राहिली. तुळई कडेची असल्यामुळे मुलं एका अंगाला लांबच लांब ओळीत बसली होती. पुढच्या काही जणांना हात लांब केला असता तर तिचं कोपर लागलं असतं.

तिने गोळा हनुवटीला टेकवला. गार होता. सोडला.

गोळा लांब गेला. पलीकडच्या टोकाला क्षणभर विचार केल्यासारखा थांबला आणि निघाला. येताना तो मोठा होत होता. तिने हिशोब मनाशी म्हटला: उंची तीच, वेग शून्य, बोटभर अंतर. हिशोब बरोबर होता, गोळाही बरोबर होता. पाय मात्र कुणालाही न विचारता मागे गेला.

मुलं खदखदून हसली. सरांनी वही उघडली, लिहिलं, मिटली. मग वही खिडकीत ठेवून पुढे आले.

"आता बघा, विश्वास असला की काय होतं."

सरांनी गोळा हनुवटीला लावला आणि सोडला. गेला, आला, अगदी नाकासमोर येऊन थांबला, फिरला. सर पुतळ्यासारखे उभे. गोळा दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा आला. सरांच्या मिशीचा एक केससुद्धा हलला नाही. टाळ्यांनी हॉल दणाणला. लिफ्टताईनेही टाळ्या वाजवल्या, आणि त्या खऱ्या होत्या.

चिठ्ठ्यांचा गठ्ठा सरांनी तिच्या हातात ठेवला.

"तूच वाच. टेबलावर बसून हेच करायचंय."

ती वाचू लागली. आवाज लिफ्टच्या दाराला तोंड लावून बोलायची तसाच, एकसारखा ठेवला.

"'ताई हलल्या.' 'ताई हलल्या.' 'गोळा परत आला पण पहिल्यापेक्षा कमी आला.' 'ताई खूपच हलल्या.' 'मुख्याध्यापिका बाईंनी जांभई दिली.' 'सर हलले नाहीत.' 'दिव्यामागे पाल आहे.'"

सगळ्यांनी वर बघितलं. पाल होती.

"'ताई हलल्या आणि सॉरी म्हणाल्या.'"

"कुणाला म्हणालात?" केमिस्टने हळूच विचारलं.

"गोळ्याला," ती म्हणाली आणि पुढची चिठ्ठी उचलली.

ती तिने मनात वाचली. पुन्हा एकदा वाचली. मग गठ्ठ्याच्या तळाशी सरकवली आणि त्यानंतरच्या सगळ्या तशाच आवाजात वाचून काढल्या. शेवटची झाल्यावर गठ्ठा सारखा केला.

"चाळीस," पहिल्या ओळीतून आवाज आला. नाकावर औषधाची पट्टी चिकटवलेली एक मुलगी बोटं मिटून बसली होती. "आम्ही एक्केचाळीस आहोत. माझी राहिली."

"असेल इथेच कुठेतरी," लिफ्टताई म्हणाली.

"खाली ठेवलीत तुम्ही. मला दिसलं."

या शाळेतल्या मुलांना दिसायचंच फार. सरांनी हात पुढे केला.

"अगं, तुझ्याबद्दल काहीतरी असेल म्हणून लपवतेस होय? वाचायची. नियम म्हणजे नियम."

"सर, ही राहू द्या ना."

"आण इकडे."

तिने दिली. सरांनी चष्मा लावला आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या, चाळीस वर्षांच्या सवयीच्या आवाजात सुरुवात केली.

"'ताई डोळे उघडे ठेवून हलल्या.'" इथे ते तिच्याकडे बघून किंचित हसले. "'सर डोळे घट्ट मिटून उभे राहिले.'"

दुसरं वाक्यही त्याच खणखणीत आवाजात बाहेर पडलं. एवढ्या मोठ्या आवाजाला आयत्या वेळी ब्रेक लागत नाही.

सरांनी चिठ्ठी उलटी करून पाहिली. मागे काही नव्हतं.

"मी डोळे मिटतो?" त्यांनी केमिस्टला विचारलं.

"मी गोळ्याकडे बघत असतो, सर," केमिस्ट म्हणाला. "सगळेच गोळ्याकडे बघतात."

"मिटले होते," नाकपट्टीवाली म्हणाली. तिच्या आजूबाजूच्या पाच-सहा जणांनी माना डोलावल्या. एकाने मिटून दाखवले. फारच हुबेहूब मिटले.

लिफ्टताई पुढे झाली. "सर, प्रयोगात डोळ्यांबद्दल कुठे काही म्हटलेलं नाही. हलायचं नाही, एवढंच आहे. तुम्ही हलला नाहीत."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता रागावतील. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, पुन्हा बाहेर काढला, पुन्हा लावला आणि गोळ्यापाशी जाऊन उभे राहिले.

"सगळ्यांनी माझ्या डोळ्यांकडे बघा," ते म्हणाले. "गोळ्याकडे मी बघतो."

त्यांनी डोळे ताणून इतके उघडले की भुवया कपाळाच्या मध्यापर्यंत गेल्या. गोळा सोडला. गोळा गेला, थांबला, निघाला.

सर अर्धं पाऊल मागे गेले नाहीत. एक पाऊलही नाही. ते तिरपे, तीन लांब टांगा टाकत, वाटेतली केमिस्टची बादली ओलांडून थेट फळ्यावर जाऊन आदळले.

सुरुवातीला कुणीच हसलं नाही. गोळा रिकाम्या जागेपाशी येऊन, बोटभर अलीकडे थांबून, मुकाट परत फिरला. सर फळ्याला पाठ लावून त्याच्याकडे बघत होते.

"चौदा वर्षं हा प्रयोग करतोय मी," ते म्हणाले. "पाहिला आज."

आणि मग तेच आधी हसले. त्यांच्यामागून मुलं, केमिस्ट आणि शेवटी, जराशा उशिराने, मुख्याध्यापिका बाई. सरांनी खिडकीतली वही घेतली, कोटभर खडूची पावडर घेऊन उभ्या उभ्याच लिहिलं: 'मी. तीन पावलं. फळा.'

"पण सर," नाकपट्टीवाली उभी राहिली, "लागणार नाही हे माहीत असूनसुद्धा माणूस का हलतो?"

सरांनी वही मिटली.

"ताईला विचार," ते म्हणाले. "प्रयोग तिचा आहे." आणि त्या मुलीला सरकायला सांगून तिच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले.

लिफ्टताईने लोखंडी गोळा काढून भिंतीशी ठेवला. तिची कापडी पिशवी होती, तिच्यात स्वेटर कोंबला आणि ती दोराला बांधली.

"हात वर करा. याला कोण घाबरतं?"

एकही हात वर झाला नाही. पोरं तिच्याकडे दया येऊन बघत होती.

"मग ये पुढे. तू. डोळे उघडे ठेव."

वर्गातला सर्वांत दांडगा मुलगा छाती काढून उभा राहिला. त्याने स्वेटर सोडला. स्वेटर गेला, स्वेटर आला, आणि दांडगा मुलगा टुणकन मागे उडाला.

"परत! परत करतो!" तो ओरडला. "माझं लक्ष नव्हतं!"

पण तोवर त्याच्यामागे रांग लागली होती. लिफ्टताईने फळ्यावर तक्ता आखला. डोळे उघडे, डोळे मिटलेले. त्या दोन्हींच्या खाली हलला, नाही हलला. केमिस्ट पिशवी पकडून परत आणून द्यायचं काम करू लागला आणि दातांपासून ती लांब धरू लागला. सर जमिनीवरून ओरडत होते, "अरे, उंची सारखी ठेवा! सगळ्यांना सारखी!" आणि कुणीही त्यांचं ऐकत नव्हतं.

मुख्याध्यापिका बाई खुर्चीतून उठल्या. मुलांच्या रांगेत शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. पदर सावरला, चष्मा काढून हातात घेतला आणि थोडा वेळ फळ्याच्या दिशेने डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"ताई," त्यांनी विचारलं, "डोळे उघडेच आहेत, पण चष्मा नसला की मला दोन हातांपलीकडचं दिसत नाही. मी कुठल्या रकान्यात?"

लिफ्टताईने फळ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं.

"माहीत नाही, बाई," ती म्हणाली, आणि खडू उचलून नवा रकाना आखायला लागली.