व्हॅलेरियनची कॅसेट

खट्ट.

टेपरेकॉर्डरचं बटण आपोआप वर आलं, तेव्हा मला कळलं की कॅसेटची पहिली बाजू संपली. त्याआधीची चार-पाच मिनिटं जी शांतता होती, ती वाजवणाऱ्याने ठेवलेली होती की टेप नुसतीच कोरी फिरत होती, काही सांगता आलं नसतं. मी मात्र ती सगळी मन लावून ऐकली होती. आतल्या खोलीत माझ्या लेकीने, अनुष्काने, कूस बदलली. मी पेन तसंच हातात धरून बसले. ती परत झोपली.

वहीत लिहिलं होतं: एक सूर. मग काहीच नाही. पुन्हा तोच सूर, बहुतेक. बेडूक. स्कूटर. स्कूटर कॅसेटमधली की आपल्या बिल्डिंगखालची?

कॅसेट सोमवारी श्रीपतरावांनी आणून दिली होती. ते वसईत एक साप्ताहिक चालवत आणि त्यात दर पंधरा दिवसांनी मी नव्या कॅसेटींवर लिहीत असे. लग्नाआधी हार्मोनियमच्या चार परीक्षा दिल्या होत्या, तेवढंच माझं भांडवल. भावगीतं, कोळीगीतं, चर्चच्या गायनमंडळाची नाताळची गाणी, तोवर ठीक चाललं होतं. पण त्या वर्षी, नव्व्याण्णव साली, श्रीपतरावांना 'प्रयोग' या शब्दाचं वेड लागलं. एका कॅसेटमध्ये तबल्यावर पाणी ओतलेलं होतं. दुसरीत एक माणूस अर्धा तास सतार जुळवतच होता आणि मी सगळा वेळ वाट पाहत होते, की आता सुरू करेल, आता सुरू करेल.

"वहिनी," श्रीपतराव दारातच म्हणाले होते, "मागचे तीन लेख तुम्ही 'वाचकांनी स्वतः ऐकून ठरवावे' असं लिहून संपवलेत. वाचकांनीच ठरवायचं तर वर तुमचा फोटो कशाला छापतो मी? हा दिवाळी अंक आहे. चांगलं म्हणा, टाकाऊ म्हणा, पण काहीतरी म्हणा. शनिवारी पाचला येतो न्यायला. आणि जपा हं. मूळ कॅसेट आहे, दुसरी प्रत नाही."

कव्हरवर निळ्या शाईने लिहिलं होतं, 'बावखलं. ट्रम्पेट: व्हॅलेरियन, सांडोर.' खाली एक ते नऊ आकडे. बावखल म्हणजे तिकडच्या गावांमधलं गोड्या पाण्याचं तळं, एवढं मला ठाऊक होतं. तळ्याशी ट्रम्पेटचं काय काम, ते नव्हतं.

माझ्या नवऱ्याने, जितेशने, जेवताना दोन मिनिटं ऐकलं. तो सातिवलीला प्लास्टिकच्या डब्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. "आमचा कॉम्प्रेसर बिघडला की अस्साच ओरडतो," तो म्हणाला. "पण आम्ही मेकॅनिकला बोलावतो बाई, लेखिकेला नाही."

बुधवारी दुपारी अनुष्का झोपल्यावर मी दुसरी बाजू लावली. मांडीवर तांदळाचं ताट होतं. आधी नुसतीच घरघर, आणि मग खर्र, खर्र, खर्र. काहीतरी खरवडल्यासारखा, घाईचा, घरगुती आवाज. लांबून ट्रम्पेटचा सूर आला आणि खरखर थांबली. सूर विरला. खर्र, खर्र. पुन्हा सूर, पुन्हा थांबली. असं कितीतरी वेळ. एकदा सूर नेहमीपेक्षा लांबला, वर जाऊ की नको असा थरथरत राहिला, आणि तो संपल्यावरही खरखर लगेच सुरू झाली नाही. माझा हात ताटात तसाच होता. किती वेळ मी एकही खडा वेचला नव्हता.

वहीत लिहिलं, 'हे कळलं.' खाली दोन रेघा मारल्या. काय कळलं ते लिहायला गेले, तर लिहिता येईना.

गुरुवारी सकाळी दारावर टकटक झाली. पन्नाशीची एक बाई, हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी.

"तू ती पेपरात लिहिणारी बाय ना? मी रोझी. सांडोरहून आले. कॅसेटवाल्याची बायको." पानाची पुडी तिने माझ्या हातात दिली. "राजेळी केळी आहेत, आमच्या वाडीतली. लाच आहे, आधीच सांगते."

मी हसले. ती हसली नाही. सोफ्याच्या टोकावर बसली, पाणी प्याली, पदराने तोंड पुसलं.

"चांगलं लिहिणार की वाईट?"

"अजून ठरत नाही हो, आंटी."

"मग वाईट लिही."

अनुष्का तोवर पुडी सोडून बसली होती. रोझी आंटीने तिला एक केळं सोलून दिलं आणि माझ्याकडे न बघता बोलू लागली.

"वीस वर्षं माझा नवरा एडवर्डच्या बॅंडात वाजवत होता. नवरी घराबाहेर निघाली की पहिला सूर याचा. लोक रडायचे, लगेच नाचायचे. आणि या मे महिन्यात एका लग्नात हा मध्येच थांबला. का? तर म्हणे, आवाज पुढे कुठे जातो ते ऐकत होतो. नवरी उंबऱ्यात उभी, सगळा मांडव याच्याकडे बघतोय, आणि हा ऐकतोय! एडवर्डने घरी पाठवून दिला. तेव्हापासून बावखलाच्या काठी जातो, एक सूर फुंकतो आणि कान देऊन उभा राहतो. जी बावखलं बुजवून बिल्डिंगी झाल्या, तिथेसुद्धा. वॉचमन हाकलतो, 'ओ अंकल, इधर बारात नहीं है.'"

म्हणजे स्कूटर कॅसेटमधलीच होती. इतके दिवस अडलेलं एक कोडं सुटलं, पण सुटल्यावर ती बाजू मला जास्त आवडू लागली, असंही काही झालं नाही.

"आता एडवर्ड म्हणतो, नाताळनंतर लग्नं सुरू होतील, ये परत. हा म्हणतो, नाही येत. रोज भांडण. शेवटी घरात ठरलं, पेपरात येईल ते दोघांनी मानायचं. चांगलं आलं तर मी तोंड उघडणार नाही. वाईट आलं तर हा मुकाट बॅंडात जाणार."

"आणि तुम्ही मला येऊन भेटायचं, हेही ठरलं होतं?"

"ते नव्हतं ठरलं," ती म्हणाली, आणि आता हसली.

"तुम्ही ऐकलीत कॅसेट?"

"मी कशाला ऐकू? चोवीस तास घरात तेच आहे."

का कुणास ठाऊक, मी उठले आणि दुसरी बाजू लावली. खर्र, खर्र सुरू झालं तशी ती पुढे वाकली. "अगो, हा तर माझा नारळ! मागच्या दारी विळीवर खवत होते मी. हा विहिरीपाशी फुंकत होता, मशीन दारातच चालू राहिली असणार. मेल्याने हेसुद्धा पेपरात दिलं?"

"सूर आला की तुम्ही थांबता."

"कोण, मी? मी नाही थांबत."

"ऐका ना."

ती ऐकू लागली. सूर आला. खरखर थांबली. "वाटी फिरवत असेन," ती म्हणाली. पुन्हा थांबली. "दुसरी घेत असेन." तिसऱ्यांदा ती टेपरेकॉर्डरच्या आणखी जवळ सरकली. मग तो लांबलेला सूर आला, थरथरला, संपला, आणि त्याच्यामागची ती रिकामी जागा. रोझी आंटी टेपरेकॉर्डरच्या जाळीकडे बघत होती, जणू आत कुणी ओळखीचं बसलं होतं.

"एवढा वेळ वाटी फिरवायला लागत नाही," ती हळूच म्हणाली. मग त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणालात?"

"काही नाही. बंद कर."

चपला घालताना तिने माझं मनगट धरलं. "त्याला सांगू नको हां. मी थांबते असं कळलं ना, तर रोज माझ्यासमोर उभा राहून फुंकेल. एक नारळ सुखाने खवू देणार नाही. शपथ घे पोरीची."

"पोरीची शपथ कशाला? नाही सांगत. आणि लेखाचं काय?"

"तू शिकलेली आहेस. लिही तुला काय ते." ती जिना उतरली. चांगलं की वाईट, या खेपेला म्हणाली नाही.

शुक्रवारी फोन वाजला. मऊ, जपून बोलणारा आवाज. "मॅडम, मी व्हॅलेरियन. श्रीपतरावांनी नंबर दिला. एकच सांगायचं होतं. दुसऱ्या बाजूला काही लागलं तर ते धरू नका. चुकून राहिलंय."

"तुम्ही ऐकलंय ते?"

"त्यात ऐकायचं काय? पुढची नऊ बावखलं त्याच्यावरच भरायची आहेत. म्हणजे तुम्ही चांगलं लिहिलंत तर."

"नव्या कॅसेटवर भरा ना."

"एकच काम आहे ना मॅडम ते. कॅसेट उलटली की पुढचं पाणी लागलं पाहिजे."

सांगावंसं इतकं वाटलं, की मी फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले. मनगटावर रोझी आंटीची बोटं अजून असल्यासारखी वाटत होती. "बरं," एवढंच म्हणाले.

"वाईट असलं तरी चालेल," तो म्हणाला. "फक्त पूर्ण ऐका."

"चार वेळा ऐकली."

"चार वेळा?" तो म्हणाला. "माझ्या घरात कुणी एकदा नाही ऐकली, मॅडम."

शनिवारी दुपारी अनुष्काला थोपटून निजवलं आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर वही घेऊन उभी राहिले. पावणेचार वाजले होते. जी बाजू त्याची होती ती मला कळत नव्हती. जी कळली होती ती तो म्हणतो माझी नाही, आणि ती म्हणते सांगू नको. मग मी निवाडा कशाचा देत होते? वाईट लिहिलं तर तो बॅंडात जाईल, नवऱ्या घराबाहेर निघतील, लोक रडतील आणि नाचतील, त्यातही काही वाईट नाही. पण मग विहिरीपाशी कुणी वाजवणार नाही आणि मागच्या दारी कुणाला थांबावं लागणार नाही. चांगलं लिहिलं तर तो आनंदाने ती बाजू लावेल, लाल बटण दाबेल, आणि बायको जिथे जिथे थांबली त्या सगळ्या जागा स्वतःच्याच हाताने पुसून टाकेल. त्याला कधी कळणारही नाही.

'टाकाऊ' लिहिलं. खोडलं. 'वेगळा प्रयत्न' लिहिलं, तेही खोडलं. श्रीपतरावांनी तो शब्द वाचून फोटोच काढून टाकला असता. मग पहिली बाजू एकदा शेवटची लावली, अगदी बारीक आवाजात. सूर. पाणी. काही नाही. साडेचारला लिहिलं:

'ही कॅसेट मला कळली असं मी म्हणणार नाही. पण ती ऐकताना माझ्या हातातलं काम थांबलं, आणि माझ्या हातातलं काम सहसा थांबत नाही. चांगली आहे. व्हॅलेरियन यांनी वाजवत राहावं.'

वाचून पाहिलं. काम थांबलं होतं ते दुसऱ्या बाजूला. पहिल्या बाजूला थांबलं होतं का, आठवेना. हे मी संगीताबद्दल लिहिलं होतं की एका नवरा-बायकोबद्दल, तेही ठरवता येईना. पण खोडलं नाही.

पाचला दहा कमी असताना कॅसेट कव्हरमध्ये घालायला घेतली आणि हात अडला. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना प्लास्टिकच्या दोन छोट्या खिडक्या असतात, प्रत्येक बाजूची एक. खिडकीची पट्टी मोडली, की त्या बाजूवर मशीन नवीन काही भरू देत नाही. बटण खालीच जात नाही. माझ्या हार्मोनियमच्या सरांची कॅसेट मी अशीच राखली होती. मी दुसरी बाजू वर केली, डावीकडची पट्टी अंगठ्याने चाचपली. मोडल्यावर तिथे चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं, हे व्हॅलेरियनला माहीत असणारच. पण चिकटपट्टी शोधायच्या आधी तो म्हणेल, ही मोडली कुणी, का मोडली, आणि कदाचित एकदा लावून बघेल. मी कुणाला काहीच सांगितलेलं नसेल.

बटाटे सोलायच्या सुरीचं टोक खिडकीत घातलं आणि दाबलं. टक्. पट्टी उडून ओट्याखाली पडली. माझं मलाच कसंसं झालं. दुसऱ्याची वस्तू, तीही एकुलती.

"आई."

अनुष्का दारात उभी होती, गालावर उशीचा वळ, फ्रॉक एका खांद्यावरून उतरलेला. ती वाकली, पट्टीचा काळा तुकडा उचलला आणि तळहातावर ठेवून पाहिला.

"त्या काकूंची कॅसेट मोडलीस?"

"मोडली नाही गं. मोडावी लागते अशी कधीकधी."

"त्यांनी सांगितलं मोडायला?"

"नाही."

"मग काकांनी?"

"त्यांनीपण नाही."

खाली श्रीपतरावांच्या स्कूटरचा आवाज आला. मी अनुष्काचा फ्रॉक खांद्यावर सारखा केला आणि तिला उचलून घेतलं. झोपेने तापलेलं अंग, तोंडाला केळ्याचा वास. तिने माझ्या हातातली कॅसेट उलटी केली, सुलटी केली, त्या रिकाम्या खिडकीत बोट घालून पाहिलं.

"आई, मग आता ही बिघडली, की नीट झाली?"