त्रेसष्टावं कार्ड

"मला तुम्ही ताईचं करायला म्हणून जन्माला घातलंत का?"

प्रश्न माझाच, पण तो विचारायची पैज मैत्रिणींची. मधल्या सुट्टीत आम्ही चौघी शाळेच्या जिन्यात बसलो होतो आणि प्रत्येकीने घरी कधीच न विचारलेला प्रश्न सांगायचा होता. मी माझा सांगितल्यावर आमच्यातली वकील (शिक्षकांशीही वाद घालते म्हणून वकील) म्हणाली, वर्गात एवढी चुरुचुरु बोलतेस, पण हे घरी विचारायची तुझी टाप नाही. माझी टाप काढली की मला राहवत नाही. त्याच संध्याकाळी विचारून मोकळी झाले.

ताई एकोणीस वर्षांची, मी पंधरा. जन्मताना तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. हातपाय कडक राहिले, बोलणं आलं नाही, समज मात्र लख्ख. तिच्या चाकाच्या खुर्चीला एक फळी आहे. तिच्यावर कार्डं मांडायची आणि हवं त्या कार्डावर ती मूठ आपटते. कार्डं घरचीच. बाबांचं पुस्तकबांधणीचं दुकान पुढे आणि मागे आमच्या दोन खोल्या. बांधणीतून उरलेल्या पुठ्ठ्याचे तळहाताएवढे तुकडे, त्यांवर आईने काढलेली चित्रं, आणि आपटून कोपरे फुटू नयेत म्हणून कडेने कापडी पट्टी. अशी बासष्ट कार्डं. पण मूठ कधी कधी दोन कार्डांच्या मधोमध पडते. मग नक्की काय हवंय ते तिच्या डोळ्यांवरून ओळखावं लागतं, आणि ते फक्त मला जमतं. तेही बिनचूक, असं मी सगळ्यांना सांगत असे.

बाबा एका जाड वहीची पानं शिवत होते. त्यांची सुई थांबली. आई ताईची नखं कापत होती. तिने हातातलं नख नीट पूर्ण कापलं आणि मग म्हणाली, "अर्धं हो."

मला वाटलं होतं ती रागावेल किंवा उडवून लावेल. ती म्हणाली, आमच्यामागे हिचं कोण, या विचाराने आम्हाला झोप नव्हती, ते खोटं कशाला सांगू. आणि उरलेलं अर्धं म्हणजे घरात बडबड करणारं कुणीतरी हवं होतं. ती हौस तर आता फिटून उतू चाललीय. मला हसू आणि रडू एकदमच आलं. त्या गडबडीत मी दप्तरातलं पत्र काढून बाबांसमोर ठेवलं. ते चार दिवस दप्तरातच होतं. लांबच्या निवासी विज्ञानशाळेत माझी निवड झाली होती. दोन वर्षं तिथेच राहायचं, आणि होकार शुक्रवारपर्यंत कळवायचा.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं. म्हणाले, बेशक जा. आई म्हणाली, जाऊ दे की, पण ताईला काय हवंय ते कोण ओळखणार. मी म्हटलं, म्हणूनच तर दाखवलं नव्हतं. तिघांची जुंपली, आणि तीही ताईच्या डोक्यावरून.

ताईची मूठ पडली. पाणी. मी पेला तोंडाला लावला तर तिने ओठ मिटले आणि पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. मग पंखा. पंखा लावला, तरी मूठ आपटतच राहिली. आईने दूध विचारलं, बाबांनी गाणी लावू का विचारलं. शेवटी तिने कोपरापासून हात फिरवला आणि सगळी कार्डं जमिनीवर उधळली.

मी खाली बसून ती गोळा करायला लागले. पाणी, दूध, शी, दुखतंय, पांघरूण, वेणी, टीव्ही. सगळी मागायची. मी बासष्टही कार्डं उलटून पाहिली. 'नको' कुठेच नव्हतं. एवढ्या वर्षांत आम्ही तिला मागायला शिकवलं आणि नाकारायला पुठ्ठ्याचा एक तुकडा दिला नव्हता. तिने तोंड मिटलं की आम्ही म्हणायचो, आज स्वारी हट्टाला पेटलीय. मीही म्हणायचे. ती बिनचूक ओळखणारी मी.

मी हे बोलून दाखवल्यावर बाबा उठून दुकानात गेले. सगळ्यात जाड पुठ्ठा कापला, त्याला काळं कापड चिकटवलं, आईने वर लाल फुली रंगवली. सकाळी ते कार्ड फळीवर आलं आणि आमची धडगत राहिली नाही. दूध नको. आईने हौसेने शिवलेला झालरींचा झगा नको. दुपारची मालिका नको, जिच्यासमोर आम्ही तिला सहा वर्षं बसवत होतो. मी घातलेल्या दोन वेण्या नकोत. हे मला लागलं. एक वेणी? नको. केस मोकळे सोडले तेव्हा मूठ जागची हलली नाही. आई म्हणाली, दोन वर्षांची पोरं करतात तो तमाशा हिने एकोणिसाव्या वर्षी मांडलाय. पण म्हणताना ती झग्याची घडी उगाच पुन्हा पुन्हा घालत होती.

बुधवारी मी ताईसमोर बसले आणि विचारलं, मी तुझ्यासाठी इथेच राहू? मूठ काळ्या कार्डावर. मग जाऊ? ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, आणि मूठ पुन्हा त्याच कार्डावर. मी म्हटलं, बाईसाहेब, दोन्ही कसं नको? ती उचकी लागल्यासारखी हसायला लागली. माझंही नेमकं तसंच होतं. तिने सांगावं आणि मी सुटावं, असा माझा डाव होता. तो तिने हाणून पाडला.

गुरुवारी शाळेतून आले तर मागच्या दोन्ही खोल्या रिकाम्या. धावत दुकानात गेले. ताई खळीच्या पातेल्याशेजारी बसली होती. फळीवर कागदांचा गठ्ठा होता, तो सरकू नये म्हणून तिचा हात आडवा ठेवलेला, आणि बाबा गठ्ठ्याच्या पाठीला खळ लावत होते. त्यांनी सगळी हकिगत सांगितली. टीव्ही नको, पलंग नको, खिडकी नको. मग त्यांनी तिला घरभर फिरवलं, जागोजागी थांबून विचारलं. चाळीस मिनिटं. दुकानात आल्यावर मूठ हलली नाही. बाबा घामाघूम होते आणि स्पर्धा जिंकून आल्यासारखे सांगत होते. ताईच्या कोपराला खळ लागली होती.

माझी गरज लागली नव्हती. खरं सांगते, आधी मला रागच आला. दप्तर आपटून मी आत गेले, तोंड धुतलं, आणि टॉवेलमध्ये तोंड असतानाच कळलं की मला किती हलकं वाटतंय.

जेवायला बसल्यावर मी सांगून टाकलं. "उद्या मी होकार कळवतेय. मी जाणार. आणि ताईला काय हवंय ते फोन करून मला विचारायचं नाही. ती समोर बसलीय, तिला विचारायचं."